अनवाणी पायाचं ॲव्हरेज

आमच्या वसमतच्या गल्लीतले एक शेजारी गाडीत बसताना चपला काढतात, देवळात शिरावं तशा. "ॲव्हरेज इंजिनात न्हाई, पायात असतंय," म्हणतात. त्यांची जुनी, काडेपेटीएवढी गाडी लिटरमागे कंपनी सांगते त्याहून जास्त पळते, यावर कुणाचा विश्वास बसत नाही. मी बाजूला बसून पाहिलंय आणि दर वेळी थक्क झालोय. लांबवर म्हैस दिसली की ते ॲक्सिलरेटर सोडतात. गाडी आपल्या वेगात घरंगळत राहते, आणि ब्रेकला पाय लागायच्या आत म्हैस बाजूला झालेली असते. रेल्वेचं फाटक पडायला लागलं की इंजिन बंद. एसी तर पाहुण्यांनाही नाही. "काचा हायेत की खाली कराया!" मागची सीट पाडून याच गाडीतून हळदीची पोती जातात. एकदा करडांसकट शेळी गेली.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या पुतणीची पाठवणी याच गाडीतून झाली. नवरी आत बसली, पण आईचा हात सोडेना. दार उघडं, इंजिन चालू आणि चक्क एसीही चालू. वऱ्हाडी घाई करायला लागले. मी पुढच्या सीटवरून, स्टिअरिंगवर बसलेल्या शेजाऱ्यांना हळूच म्हटलं, "तोवर बंद करता का?"

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "काहून? लेकरू रडून राहिलं. गार हवेत रडू द्या."

गाडी जागची हलली नव्हती, उघड्या दारातून गारवा उन्हात वाहून जात होता, आणि त्यांचा हात काही किल्लीकडे गेला नाही.