बोनेटवरचा हात

गाडीच्या कंपनीनं आमच्या आण्णांना फसवलं. आडवळणानं बोलायची मला सवय नाही, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकलं. कंपनीचं नाव मात्र लिहिणार नाही. नाव छापलं की तेवढीच त्यांची जाहिरात, आणि फुकट जाहिरात करायला मी त्यांच्या घरचं खात नाही. परदेशी, महाग, पुढं चकचकीत जाळीची गाडी. आमच्याकडच्या रस्त्यावरून ती गेली की माणसं चहाचा कप ओठाशी धरून बघत राहायची. एवढी ओळख पुरे.

आण्णा तासगावचे बेदाण्याचे व्यापारी. त्यांची खरी ओळख त्यांचा उजवा हात. सौद्यात बेदाण्याचा बॉक्स उघडला की बाकीचे वरचेच चार मणी तोंडात टाकायचे आणि मान हलवायचे. आण्णा मनगटापर्यंत हात आत खुपसून तळाची मूठ वर काढायचे. "वरचं समदंच हसत असतंय रं," म्हणायचे. "तळाला हात घातल्याबिगर माल बोलत न्हाई."

मी वडूजचा. घरून निघालो तेव्हा खिसा रिकामा होता, तोंड मात्र भरलेलं होतं. त्या तोंडावर जुन्या गाड्यांची दलाली उभी केली. आण्णांकडं पहिल्यांदा गेलो तो त्यांची त्याच कंपनीची जुनी गाडी विकत मागायला. मी किंमत पाडायची म्हणून नावं ठेवायला सुरुवात केली. रंग उडालाय, टायर गेलेत, असली गाडी आता कोण घेतंय. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग गाडी चालू केली आणि म्हणाले, "बोनेटवर हात ठेव."

ठेवला.

"काय लागतंय?"

"गरम लागतंय."

"तुमच्या वडूजला समदंच गरम लागतंय. ठेव अजून."

मी तसाच उभा राहिलो. थोड्या वेळानं कळलं की हाताखाली काहीतरी चालू आहे, पण ते थरथरत नाही. दुपारी जेवून झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं संथ चाललंय. आण्णा हसले. "सहा सिलिंडर हायत. सहा असले की हाताला झोप येती. चार असले की हात जागा ऱ्हातो. आता जा. गाडी इकायची न्हाई."

मी गेलो नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडं जात राहिलो आणि ते मला 'वडूजकर' म्हणत राहिले. धंद्यात मी कुणाला गुरू मानत नाही. मानला तर तो दलालीत वाटा मागतो. पण आण्णांचं एक वाक्य मी उचललं आणि त्यावर आजवर पोट भरलं. "नमुना म्हंजे शब्द." तासगावच्या सौद्यात ताटलीत जो बेदाणा दाखवला, तोच मागच्या सगळ्या बॉक्समध्ये निघाला पाहिजे. नाही निघाला तर माल परत, आणि वरून त्या माणसाच्या ताटलीकडं पुन्हा कुणी बघत नाही. त्याला कागद लागत नाही, वकील लागत नाही.

पुढं काचबिंदूनं आण्णांचे डोळे गेले. अगोदर कडेची झाडं गेली, मग समोरून येणाऱ्या गाड्या, मग रस्ताच. स्टेअरिंग सुटलं. तेव्हापासून दर रविवारी गाडी मी चालवायचो आणि ते शेजारी बसायचे. आम्ही कराडला जायचो. तिथं हायवेच्या कडेला एका चहाच्या टपरीवर त्या कंपनीच्या जुन्या गाड्या बाळगणारी मंडळी जमायची, काही साताऱ्याकडून, काही सांगलीकडून. त्यांत एक निवृत्त सुभेदार होते. त्यांना त्यांची गाडी मीच मिळवून दिली होती आणि त्याबद्दल ते मला अजून शिव्या घालत होते. वाटेत आण्णा काच खाली करून कान बाहेर लावायचे. वाटेतला चढ, सपाट रस्ता, पूल, सगळं त्यांना इंजिनावरून कळायचं. डोळे गेलेल्या माणसाला गाडी म्हणजे दोनच गोष्टी उरल्या होत्या, कानात येणारा आवाज आणि हाताखालची ती झोप.

टपरीवर मात्र एकच रडगाणं असायचं. कंपनी बिघडली. बटणं काढली, त्या जागी सिनेमाएवढे पडदे लावले. मोठं इंजिन बंद करणार म्हणतात. सुभेदार तर चवताळायचे. "एसी कमी करायला पडद्यात तीन घरं फिरायची? तवर माणूस गारठून शहीद व्हायचा!" एक-दोन जण म्हणायचे, जमाना बॅटरीचा आहे, आण्णा, आपणच मागं राहिलो. आण्णा त्यावर कधी चिडले नाहीत. "बॅटरीची दे की. कोण नको म्हणतंय? पर बॅटरीची म्हणून दे. वांगं दे, वांगं म्हणून दे."

शेवटी कंपनीनं जुन्या गाडीचे सुटे भाग देणंच बंद केलं. एक साधा पाइप मिळेना. आण्णा म्हणाले, "वडूजकर, सहाचं इंजिन संपायच्या आत शेवटची एक घिऊ. मला आता दुसरी नाद करायची जागा न्हाई."

पुण्याला शोरूममध्ये गेलो. दाखवायची गाडी चालू केली. आण्णांनी बूट वाजवत तिला एक फेरी घातली, बोनेटवर हात ठेवला आणि डोळे मिटले. मिटायची गरज नव्हती, पण मिटले. मग म्हणाले, "हीच." पुढचं काम माझं. तिथल्या मॅनेजरला मी असा पिळला की त्याचा टाय सैल झाला. जुनी गाडी बदल्यात द्यावी लागणार होती. तिची किंमत मी त्यांच्या घशातून काढली. निघताना आण्णा मॅनेजरला एवढंच म्हणाले, "ही जी दावली, तीच पायजे."

"अर्थात, सर. हेच मॉडेल."

मॉडेल तेच आलं. कित्येक महिन्यांनी आलं, पण मागच्या झाकणावरचा आकडा तोच, जाळी तीच. हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. आण्णा शेजारी बसले, मी गाडी चालू केली, आणि आत तोच खर्ज घुमला. आण्णांचा चेहरा असा खुलला की मला माझ्या सौदेबाजीचा अभिमान वाटला.

साताऱ्यापर्यंत ते बोलत होते. साताऱ्याच्या पुढं गप्प झाले. काच खाली केली, कान बाहेर काढला, काच वर केली. पुन्हा खाली, पुन्हा वर. मला वाटलं धूळ असेल. कराडला टपरीवर सुभेदार आणि मंडळी पेढ्यांची वाट बघत उभी होती. आण्णा उतरले आणि म्हणाले, "बंद करू नको. असू दे चालू." आणि बोनेटवर हात ठेवला.

हात लगेच उचलला. पुन्हा ठेवला.

"वडूजकर, ह्यो आवाज कुठनं येतोय?"

"इंजिनातनं, आण्णा."

"इंजिन हितं हाय. आवाज तितं, आत हाय. हितं चारच हायत रं."

सुभेदारांनी बोनेट उघडलं. चारच होते. कंपनीनं मधल्या काळात सहाचं काढून चारचं बसवलं होतं, जोडीला बॅटरी दिली होती, आणि सहाचा आवाज टेप केल्यासारखा आतल्या स्पीकरमधून सोडला होता. गाडीच्या मागचा, सहाच्या इंजिनाचा आकडा तेवढा तसाच ठेवला. पेढ्यांचा बॉक्स कुणी उघडला नाही. सुभेदार, ज्यांचं तोंड पंगतीतसुद्धा बंद होत नाही, ते बोनेट हळूच खाली टेकवून बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी मी पुण्यात. आवाज मी चढवूनच आत गेलो. मॅनेजर पाण्याची बाटली घेऊन समोर आला. "सर, ब्रँडची दिशा बदलतेय. आणि स्पेसिफिकेशन बदलू शकतं, हे आम्ही बारीक अक्षरात दिलेलं असतं."

"दिशा बदला की! पण मग पाटी बदला. मिरजेची पाटी लावून एस.टी. जतला नेऊ नका."

"पण सर, आवाज तर अगदी तोच आहे ना?"

"तोच आहे म्हणून तर आलोय! आंधळ्या माणसाला फसवायला दुसरं काय लागतं?"

जुनी गाडी परत द्या म्हटलं, तर ती विकली गेली होती. कुणाला, ते सांगता येत नाही म्हणाले. मला गाडी शोधता येत नाही असं त्यांना वाटलं. माझा जन्म त्यात गेला. ओळखीचे सगळे दलाल कामाला लावले आणि गाडी हुबळीला सापडली. मालक विकायला तयार नव्हता, पण भला माणूस. फोनवर गाडी चालू करून दाखवतो म्हणाला. मी फोन आण्णांच्या कानाला लावला. त्यांनी ऐकलं, आणि किती दिवसांनी हसले.

"ह्यो बी स्पीकरच की रं, वडूजकर."

नवीन गाडीतला तो आवाज पडद्यातून बंद करता येतो, हे सुभेदारांनी शोधून काढलं. आण्णांनी तो बंद करायला लावला. "आता गप्प हाय, पर खरी हाय," म्हणाले. त्यानंतर दोनेक रविवार आम्ही कराडला गेलो. आण्णांनी काच उघडली नाही. चढ आला तरी त्यांना कळला नाही, "चढ गेला का?" असं त्यांनी मला विचारलं. हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. पुढच्या रविवारी मी गाडी काढायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे आज. द्राक्षाची काढणी चाललीया." काढणीशी त्यांचा काही संबंध नव्हता.

ते त्याच हंगामात गेले. शेडवर बेदाणा वाळत होता. हुबळीच्या मालकाला मी पुन्हा फोन केला. तो म्हणाला गाडी आणतो, आणि खरंच आणली. दिवसकार्याच्या दिवशी ती दारात उभी राहिली. काकू, म्हणजे आण्णांची बायको, बाहेर आल्या. त्यांना गाड्यांतलं काही कळत नाही. पण त्यांनी पदराला हात पुसला आणि चालू गाडीच्या बोनेटवर ठेवला. मला विचारलं, "हे असंच लागायचं व्हय त्यास्नी?"

मी हो म्हटलं. त्यांनी बराच वेळ हात काढला नाही.

नवीन गाडी शेडमध्ये उभी आहे. आण्णांच्या घरचे म्हणतात विकून टाका. आण्णा भेटायच्या अगोदर मी भंगारसुद्धा सोनं म्हणून खपवलंय, पण ही गाडी माझ्या हातून विकली जाणार नाही. घेणारा मागचा आकडा वाचून विचारेल, आत काय आहे. आणि ते सांगायचं काम माझं नाही. ज्यांनी तो आकडा लावला त्यांचं आहे.

म्हणून मॅनेजरसाहेब, आणि तुमच्या वर जे कोण बसलेत ते साहेब, मला पैसे नकोत, पाण्याची बाटली नको, दिशाही नको. तुम्ही तासगावला या. शेडमध्ये गाडी चालू करतो. काकूंसमोर उभे राहा, त्यांचा हात धरून तुमच्या त्या बोनेटवर ठेवा, आणि ताटलीत एक दाखवून बॉक्समध्ये दुसरं का घातलंत, ते त्यांना सांगा.