माझ्या हातात न जाणारा रंग

या ग्रुपवर मी गेले कित्येक महिने नुसती वाचते आणि मनातल्या मनात खोट काढते. केमिस्ट्री शिकवते ना... कुणी "पंखा आपोआप फिरला" लिहिलं की मी व्होल्टेज शोधते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. पण हे एक कोडं मला सुटलेलं नाही, म्हणून लिहिते.

कारंजा (घाडगे) इथलं आमचं ज्युनिअर कॉलेज. लॅब वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला. खिडकी उघडली की हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न थेट आत. तरी ब्रोमिन वॉटरच्या दिवशी खिडक्या उघड्याच ठेवाव्या लागतात, नाहीतर वासाने डोळे झोंबतात.

पल्लवी माझी एम.एस्सी.ची मैत्रीण, हिंगणीची. तासिका तत्त्वावर जागा आहे हे तिला मीच कळवलं. आणि वर्षभरात बाई सगळ्यांची लाडकी! मुलं डाउट घेऊन तिच्याकडे, स्टाफरूममध्ये चहा आधी तिला. मी तिच्या आधीपासून तिथे राबत होते हो! जळायची मी. स्पष्ट सांगते, पोटात आग पडायची. त्यात एक कायमची जागा निघाली आणि उमेदवार आम्ही दोघीच. डेमो लेसन दोघींना एकच... तेलातली असंतृप्तता ओळखणे. ती जागा मला हवीच होती.

आदल्या दुपारी दोघी लॅबमध्ये तयारी करत होतो. ब्रोमिन वॉटर मीच बनवलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — हे नारिंगी पाणी असतं. त्यात जवसाच्या तेलाचे थेंब टाकून, बूच लावून हलवलं की रंग उडतो; उडाला म्हणजे तेल असंतृप्त. अकरावीच्या पोरांनाही जमतं. पल्लवीने हलवलं, रंग गेला. मी हलवलं... नारिंगीच. मनगट दुखेपर्यंत हलवलं.

"काऊन वं, तेल टाकलं का नाई?" ती हसत म्हणाली.

माझं डोकं सणकलं. ट्यूब बदलली, ड्रॉपर बदलला, तिच्याच बाटलीतलं तेल घेतलं. नाहीच! शेवटी माझी ट्यूब तिच्या हातात कोंबली. तिने एकदाच हलवली — रंग साफ. "आण इकडे," म्हणून मी ती हिसकावली... आणि माझ्या बोटांत ती हळूहळू पुन्हा नारिंगी झाली. एकदा गेलेला तो रंग असा परत येत नाही. ब्रोमिन तेलाला जाऊन जोडलेलं असतं, ते सुटणार कसं?

पल्लवीचं हसू मावळलं. "ठेव ते खाली. मले भेव लागून राह्यलं. हे पाह्य, मी उद्या येतच नाई. तूच करजो डेमो."

"मले भीक नको तुही!" मी ओरडले.

दुसऱ्या दिवशी पल्लवी आली, तिने तिचा डेमो दिला. निवड समितीसमोर मी मात्र ट्यूबला हातच लावला नाही. पुढच्या बाकावरच्या मुलीला बोलावून तिच्याकडून करून घेतलं. रंग झटक्यात गेला. "विद्यार्थ्यांना सहभागी करून घेतात," म्हणून समिती खूश... आणि जागा मला मिळाली. पेढे कोणी आणले? पल्लवीने. मिठीही मारली. तिचं ते मोठं मनही मला सहन झालं नाही. मग ती नागपूरला गेली.

तेव्हापासून हा प्रयोग मी मुलांकडूनच करून घेते. त्यांना वाटतं, मॅडम किती चांगल्या! एकटी असले की गुपचूप करून पाहते. नाही जात रंग. बाकी सगळ्या टेस्ट माझ्या हाताने चोख येतात.

कृपया कमेंटमध्ये "तुमच्या मनातलं विष" वगैरे लिहू नका. ब्रोमिनला मन कळत नाही. हातावरच्या क्रीमपासून बुचापर्यंत सगळं तपासून झालंय, कारण सापडलेलं नाही.

गेल्या महिन्यात पल्लवी माहेरी आली होती, वाट वाकडी करून कॉलेजात डोकावली. ब्रोमिन वॉटरचंच प्रॅक्टिकल चालू होतं. बोलता बोलता तिने टेबलावरची ट्यूब उचलून हलवली. रंग गेला. तिच्या हातून अजूनही जातो! पोटात तीच जुनी आग. मग ट्यूब माझ्यासमोर धरून ती हळूच म्हणाली, "घे वं. आता पाह्य."

सगळी मुलं बघत होती. मी दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले. "ठेव तिथंच," म्हटलं.