झुबेदाभाभींचं शुक्रवारचं मशीन

शेजारणीच्या शिलाई मशीनवरून मी एकदा भांडायला गेले होते. सत्तरी ओलांडल्यावर कबूल करायला हरकत नाही, की माझ्या सगळ्या मूर्खपणांत त्याचा नंबर पहिला लागेल; आणि चुरस बरीच आहे.

तेलाच्या भरभराटीचे दिवस होते. आमचे हे सौदीतल्या रास तनुराला वेल्डर. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. तिथे उघड उपासनेची परवानगी नव्हती, म्हणून शुक्रवारी दुपारी दोन मल्याळी नर्स, एक गोवेकर जोडपं आणि आम्ही दोघं, असे सहाजण आमच्या खोलीत पडदे ओढून भजनं म्हणायचो. कुणी कळवलं तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द आणि सहाही जणांची रवानगी घरी.

माझे वडील शाळामास्तर. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या गोष्टी त्यांच्याकडूनच ऐकलेल्या. ती माणसं परक्या शहरांत कुणाच्या तरी माडीवर जमत, पण कपडे शेजाऱ्यांसारखेच घालत, त्याच बाजारात जात, तीच भाषा बोलत, असं ते पुनःपुन्हा सांगायचे. माझ्या लक्षात राहिले ते फक्त रोमी राजांनी त्यांच्यावर सोडलेले सिंह. सव्विसाव्या वर्षी मी हुतात्मा व्हायला अगदी तयार होते, सिंह तेवढा मिळत नव्हता.

मग तो मला भिंतीपलीकडे सापडला. झुबेदाभाभी राजापूरच्या, शिवणकाम करायच्या. आमच्या भजनाची पहिली ओळ सुरू झाली की त्यांचं मशीन घरघरायला लागायचं, आणि प्रार्थना संपली की गप्प. मुद्दामच करते ही बाई, मी ठरवून टाकलं. एके दिवशी दार ठोठावून म्हटलं, "भाभी, शुक्रवारी दुपारी आमचे हे झोपतात. मशीन संध्याकाळी चालवत जा."

त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. "बरं गो बाय," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या शुक्रवारी मशीन बंद. मी विजयाच्या थाटात वरच्या पट्टीत गायले. दुसऱ्या कडव्याला जिन्यात चपला वाजल्या. इमारतीचा येमेनी राखणदार वर येत होता. आमचं गाणं अर्ध्यावर तुटलं. नर्सपैकी धाकटीने माझा हात असा धरला की नखं रुतली. माझ्या तोंडून प्रार्थनाही निघेना. एवढी मोठी हुतात्मा मी.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. "अरे भाई, बरा आलास," भाभींचा हिंदी-अरबी खिचडीतला आवाज. "तुझ्या अंगरख्याची बाही लांब ठेवू की आखूड? इधर आओ, माप दो."

"खलास नाही झाला अजून?" तो कुरकुरला.

बाहीवरून त्यांची चांगली दहा मिनिटं हुज्जत चालली. मग चपला खाली उतरल्या, आणि भिंतीपलीकडे मशीन सुरू झालं.

मंडळी पांगल्यावर मी बशीत केक घेऊन भाभींकडे गेले. मशीन अजून चालूच होतं. सुईखाली कापड नव्हतं. सुईत दोराही नव्हता.

तेव्हापासून एक कुतूहल मनातून जात नाही. त्या जुन्या शहरांत, त्या माड्यांच्या शेजारी कोण राहत असेल? गाणं काही पडद्याआड लपत नाही. कुणीतरी ऐकलं असेलच. भिंतीपलीकडे कुणी उगाच उखळात मुसळ आपटत बसली असेल का? तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. मी मात्र कडी लावून, पडदे ओढून जणू देवालाच सांभाळत बसले होते. त्याने आमची सोय केव्हाच करून ठेवली होती, मला न विचारता. त्याच्या हाती सोपवणं म्हणजे काय, ते मला प्रवचनांतून नाही, त्या रिकाम्या सुईकडे बघून थोडंफार कळलं.

त्या दुपारी मी मान खाली घालून माफी मागितली. भाभींनी केकचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "गावात शेजारी भजन लागलं की माझी आई जातं थांबवायची, बाय. इथे मी मशीन चालू करते. गोष्ट एकच. फक्त तुझ्या नवऱ्याला जरा हळू गायला सांग. त्याच्या आवाजाला माझं मशीन पुरत नाही."