पंधरा इंची पेटीवरचा संशय

फोन ठेवू नकोस, नीट ऐक बघू. माटुंग्यात राहतेस, टॅक्सीत बसलीस तर लालबागला यायला वेळ तो किती, पण काकूकडे यायला तुला सणवार लागतो. आणि परवा फोनवर काय विचारलंस? "काकू, माझ्या स्टील गिटारसाठी बारा इंची स्पीकर घेऊ की पंधरा इंची? आज सेल आहे, लगेच मागवते." अगं, न ऐकता स्पीकर मागवायचा म्हणजे कल्ला उघडून न बघता बांगडा घेण्यातलाच प्रकार. थांब जरा. माझ्याकडे काय चाललंय ते आधी ऐक. माझी मोठी स्पीकरची पेटी घरात राहते की भंगारात जाते, हे अजून ठरायचंय.

पेडल स्टील म्हणजे काय, असं तुला कुणी विचारलं तर सांग, ती टेबलासारखी आडवी गिटार असते. डाव्या हातातला लोखंडी दांडा तारांवरून सरकवायचा, पायांनी पेडलं दाबायची, शिवाय गुडघ्यांनी ढकलायच्या दांड्या वेगळ्याच. साडीत ते काही जमेना. मी वाजवायला म्हणून सलवार घातली तेव्हा चाळीत सलवारीचीच चर्चा झाली, गिटारीची नाही. तुझे काका तेव्हा बोटीवर होते. कुठल्याशा बंदरातून ही गिटार आणि तिची पेटी, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, कुणाची तरी वापरलेली, घेऊन आले. शिकवणारं कोण मिळणार? ऐकत गेले, चुकत गेले, वाजवत गेले.

त्या पेटीत पंधरा इंची स्पीकर आहे. साध्या गिटारवाल्यांना बारा इंची चालतो, कारण आवाज जरा फाटला तरी त्यांना तो गोडच लागतो. स्टीलचं तसं नाही. सूर ओढून, पायाने पेलून धरायचा असतो, आणि जाड तार छेडली की लहान स्पीकरला धाप लागते. मोठा स्पीकर तो सूर पोटात घेतो. बारीक तारांचा चिरकी कडाही तोच मऊ करतो. हे मला कुणी सांगितलेलं नाही, कानाने कळलं. आणि त्याच कानांवर आता प्रश्न आलाय.

चाळ पाडली तेव्हा आम्ही वडाळ्याच्या भाड्याच्या खोलीत गेलो. पेटीला तिथे जागा नव्हती, म्हणून काकांनी ती माझगावला त्यांच्या दोस्ताकडे ठेवली. तो मेकॅनिक. चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला, चाव्या मिळाल्या, पेटी घरी आली. "वायरी पण बदलल्यात हां वहिनी," तो म्हणाला. मी जाड तार छेडली आणि माझा चेहराच उतरला. आवाज होता, पण बुडाशी काहीच नाही. ताकात पाणी जास्त झाल्यासारखा.

 तो लगेच म्हणाला, "हल्ली पंधरा इंची कोण ठेवतं? बारा घ्या. हलका, आवाज खणखणीत. माझ्याकडे आहे एक."

खणखणीत! खणखणीत तर ताट पडलं तरी वाजतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. आधी बिघडवायचं, मग नवं विकायचं. माझा जुना स्पीकर काढून कुठल्या ऑर्केस्ट्रावाल्याला दिला असेल आणि आत काहीतरी स्वस्तातलं बसवलं असेल. तो गेल्यावर मी काकांना म्हटलं, तर ते मालवणीत उसळले, "अगो, पेटी बरी आसा. तुझे कान दाखव आधी डॉक्टराक!"

मग मला त्यांचाही संशय आला. पेटी ठेवलीय त्या कोपऱ्यात त्यांना काचेचं कपाट करायचंय, बोटीवरून आणलेले शंखशिंपले मांडायला. पेटी गेली तर कुणाची सोय?

ते भाजीला गेले तशी मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मागची फळी उघडली. उघडून कळणार काय म्हणा, स्पीकर सगळे मागून सारखेच काळे. पण बॅटरी मारली आणि लोखंडी कड्यावर लाल दिसलं. कुंकू. दर दसऱ्याला मी फळी काढून आतली झुरळं हाकलायची, पुसायची आणि गिटारीबरोबर त्या कड्यालाही हळदकुंकवाचं बोट लावायची. पूजेच्या घाईतलं काम, लक्षातसुद्धा नव्हतं. मला तरी वाटलं, त्याने कुंकू नवीन लावलं असलं तर? नखाने खरवडून बघितलं. थरावर थर, खालचे काळपट पडलेले. इतकी मेहनत कोण करतो गं?

म्हणजे स्पीकर माझाच. मग चोर कोण? मी घाईघाईने फळी परत बसवली. मेकॅनिकवर संशय होता तोवर बरं होतं, निदान राग तरी करता येत होता.

तेव्हापासून मी कानांची चोरून परीक्षा घेते. शेजारणीची मालिका भिंतीतून शब्दन् शब्द ऐकू येते. कुकरची शिट्टी ऐकू येते. पण हे सगळे वरचे आवाज. खालचे गेले असतील तर कळणार कसं? जे ऐकूच येत नाही त्याची आठवण कान थोडीच ठेवतात?

गेल्या आठवड्यात लादी पुसायची म्हणून काकांनी पेटी उचलून चाळीतल्या त्या जुन्या लाकडी खाटेवर ठेवली आणि स्वतःही पाय वर घेऊन बसले. मी सहज जाड तार छेडली. काका ओरडले, "अगो, खाट थरथरता!"

आला होता. बुडाचा सूर आला होता! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चाळीत पायाखाली लाकडी फळ्यांची जमीन होती. मी वाजवलं की खालच्या आजींच्या फडताळातल्या बरण्या वाजायच्या आणि त्या खालूनच हाक द्यायच्या, "बाय, माझं लोणचं नाचतंय गं!" इथे गुळगुळीत लादी, खाली सिमेंट. पेटीला साथ द्यायला कुणी उरलंच नाही.

तुला वाटेल, मिटलं. कुठलं मिटतंय! मेकॅनिक काल बारा इंचीची पेटी ठेवून गेला. "वापरून बघा, नको तर परत नेतो." जाता जाता हसून म्हणाला, "फळीचा एक स्क्रू वाकडा बसलाय वहिनी, सरळ करू?" मेल्याच्या नजरेतून काही सुटत नाही. मी म्हटलं, "राहू दे, मला तसाच आवडतो."

मी ती पेटीही खाटेवर ठेवून वाजवली. बारीक तारा छान बोलतात, खोटं कशाला सांगू. जाड तार मला पोकळ वाटली. काका म्हणतात, "दोन्ही सारखेच." हे कान बोलतात की कपाट बोलतंय, देव जाणे. आणि खाट थरथरली ती मला ऐकू आली की नुसती दिसली, याचीही आता खात्री वाटत नाही.

लहानपणी तू आमच्या जमिनीला कान लावून पालथी पडायचीस आणि म्हणायचीस, "काकू, पोटात गुदगुल्या होतायत." ते पोट मला हवंय. मी खाटेच्या एका टोकाला दोन्ही पेट्या चादरीखाली झाकून ठेवते, कुठली वाजतेय ते तुला दिसायला नको, तू त्या खाटेवर पालथी पड. मी वाजवेन आणि कुठल्या पेटीने गुदगुल्या होतात ते तू मला खरं सांग, मला वाईट वाटलं तरी. तोवर तू काही मागवू नकोस आणि मीही पेटी कुणाच्या हाती देत नाही. सणाची वाट बघू नकोस गं. या रविवारीच ये.