भुंगेऱ्यांची भाऊबंदकी

पवनेकाठी कारखाने उठत होते, तेव्हा मी बैलगाडीनं वाळू ओढायचो. चष्मा लावलेल्या एक बाई ओल्या वाळूत उकिडव्या बसून मुंग्या पकडणारे भुंगेरे बघायच्या. एके दिवशी माझ्या बैलांपुढून त्या हलेचनात.

"ही कडेची वाळू नेऊ नका. हे इथंच जगतात."

"वर कोरडी वाळू हाय की, बाई. तिकडं जातील."

"तिथं त्यांचे भाऊबंद शिकार करतात. तुम्ही भावाच्या रानात जाऊन राहाल?"

"मेलो तरी न्हाई!" म्हणलं आणि रिकामी गाडी वळवली.

मुकादम ओरडला, "किड्यांपायी आजचा रोज बुडवतोस?"

"व्हय, बुडवतो!"

बाईंचं नाव विचारायचं राहिलं. पण आजबी कुणी मला "आजोबा, पलीकडं सरका" म्हणलं, की मी तिथंच उकिडवा बसतो.