अक्काचा अंतरपाट

संगणकाच्या अर्ध्या पडद्यावर पंचा टाकून काम करणारी बाई मी अक्काखेरीज दुसरी पाहिली नाही. अक्का गुंजवण्याची, मी उत्रोलीची. पुण्याच्या संस्थेत आम्ही एकाच खोलीत बसायचो. आकाशगंगांभोवती न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचं आवरण असतं. ते एकदा संगणकात गणितानं घडवायचं, एकदा दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून काढायचं आणि दोन्ही ताडून बघायचं, हे आमचं काम. गणित पुरं होईतो अक्का दुर्बिणीची बाजू झाकून ठेवायची. "मंगलाष्टकं सरल्याबिगर अंतरपाट काढत्यात व्हय? आधी बघितलं की हात आपसूक तिकडं वळतो."

सगळे हसायचे, मीही. गणित झालं की ती माझ्या हातावर अक्षता म्हणून शेंगदाणे ठेवायची आणि मगच पंचा ओढायची.

तिची नोकरी कंत्राटी होती. कायम व्हायचं की नाही हे ज्या गणिताच्या निकालावर ठरणार होतं, तो आला तेव्हा आम्ही दोघी तिच्या घरी भातलावणीला गेलो होतो. घरात रेंज कसली! चिखलाच्या पायांनी लॅपटॉप घेऊन टेकाडावर चढलो. अक्कानं पंचा ओढला. आलेखात कडेला गणिताची नि दुर्बिणीची, दोन्ही रेघा एकजीव होत्या. मध्यभागी मात्र गणितातलं कृष्णद्रव्य गच्च, खऱ्या आकाशगंगेतलं विरळ.

तेवढ्यात संस्थेतल्या आमच्या साहेबांचा फोन; निकाल त्यांनीही पाहिला होता. "बाई, गणितातला एक आकडा जरा सैल करा की, जुळेल. आत्ताच पाठवा. नाहीतर तुमच्या पदाचं मी काही सांगू शकत नाही."

तिचं बोट त्या आकड्यावर जाऊन थांबलं. अक्काचं बोट! मग एकदम तिनं लॅपटॉप माझ्या मांडीवर ढकलला.

"तूच धाड. माझा हात वळाय लागलाय."

मी होतं तसं धाडलं. पद दुसऱ्याला मिळालं. आग लागो त्या जुळण्याला, त्या साहेबांचा मला अजून संताप येतो. अक्का निघाली त्या दिवशी एसटीच्या खिडकीखाली मी रडत म्हणाले, "म्या धाडलं म्हणून गेली गं तुझी नोकरी."

"म्हणून तर तुझ्याकडं दिला, येडे!" ती वरून ओरडली.

आता ती वेल्ह्याला पोरांना शिकवते. परवा माझं गणित पुरं झालं. माझंही कंत्राट संपत आलंय. पंचा ओढायला हात धजेना, तेव्हा तिला फोन लावला.

"शेंगदाणं घेतलंस का हातात?"

"घेतलं."

"मग वढ. न्हाई जुळलं तर भाकरी हाय हितं."