टॉवेल म्हणजे माणूस

जगातली कुठलीही रिकामी जागा खरोखर रिकामी नसते, ती कुणाची तरी असतेच, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा व्याही निघाला. तीस वर्षं एस.टी. स्टँडवर नियंत्रक म्हणून काढलेला हा गृहस्थ. खिडकीतून टाकलेला रुमाल आधी, की दारातून शिरलेला माणूस आधी, या वादात त्यांनी इतके निवाडे दिले होते की निवृत्त झाल्यावरही तो विषय काही डोक्यातून गेला नाही. मुलीच्या लग्नात मी हे पहिल्यांदा पाहिलं. पंगत बसायची होती आणि वरपक्षाचे हे प्रमुख गृहस्थ रांगेतल्या काही पानांवर एकेक सुपारी ठेवत फिरत होते. सुपारीच्या पानावर कुणी बसायचं नाही, म्हणाले, त्या माणसाची बस चुकली असेल. माझ्या थोरल्या भावाला त्यांनी अशा एका पानावरून नम्रपणे उठवलं. भाऊ वधूचा सख्खा काका होता. तो अजून त्याबद्दल बोलतो.

पुढे येणंजाणं वाढलं तसं त्यांचं शास्त्र मला समजत गेलं. रुमाल असेल तर माणूस येणार आहे, पिशवी असेल तर तो जवळपासच आहे, आणि चप्पल असेल तर तो आल्याशिवाय राहणार नाही, अशा त्यांच्या पायऱ्या होत्या. माझ्या शाळेतल्या एका ख्रिस्ती सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो. देवळात पुढच्या बाकावर कुणाची तरी छत्री होती. पाद्रींनी स्वतः येऊन आम्हांला तिथं बसायला सांगितलं, तर व्याही म्हणाले, "फादर, आधी छत्रीला विचारा." मी खाली मान घालून बाकाची लाकडं पाहत राहिलो. एरवी त्यांचं बोलणं अगदी शुद्ध असे, पण घर मूळचं खाडीकाठचं, मिठागरातलं. राग आला की 'ण'चा 'न' होई. त्यावरून विहीणबाई पारा ओळखत आणि मुकाट्यानं चहा टाकत.

अर्नाळ्याच्या बाजूला तेव्हा नुकतंच एक रिसॉर्ट निघालं होतं. पोहायचा तलाव असलेलं. आम्ही सगळेच दोन दिवस जाऊ, सुनूलाही जरा हवापालट होईल, असं व्याह्यांनी ठरवलं. सुनू ही माझी मुलगी. तिला सातवा लागला होता. ते दोघं नवराबायको, जावई, सुनू आणि आम्ही दोघं, असे सहाजण मे महिन्यात तिथं जाऊन पोचलो. तलावाभोवती नायलॉनच्या पट्ट्यांच्या चौदा आरामखुर्च्या होत्या आणि माणसं असतील साठएक. खुर्च्यांची पळवापळवी होऊ नये म्हणून मालकानं त्या साखळीनं खांबांना बांधून टाकल्या होत्या. सावली एकाच खुर्चीवर होती, बदामाच्या झाडाखाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी फिरायला म्हणून बाहेर पडलो आणि जागच्या जागी उभा राहिलो. तलावाकाठी व्याही एकटेच होते आणि खुर्च्यांवर आमचा संसार मांडत होते. दोन टॉवेल, एक लुंगी, उशीचा अभ्रा, त्यांचं स्वतःचं बनियन आणि शेवटी विहीणबाईंचं पातळ. सहा माणसांच्या सहा खुर्च्या. चार लोकांत विहीणबाईंचं पातळ असं पसरलेलं पाहून मला घाम फुटला.

"बदामाखालची घ्यायची होती," ते खंतावून म्हणाले, "पण तिथं आधीच कुणीतरी आलंय."

मी पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. निळ्या चौकड्यांचा एक टॉवेल होता.

आठ वाजता माणसं येऊ लागली आणि मला दुसरा धक्का बसला. आमच्या घरची मंडळी खोलीत पोहे खात बसली होती, आणि व्याही एकेक खुर्ची मोकळी करून परक्यांना देत होते. राखलेली जागा तासाभरात वापरली नाही तर आपला रुमाल आपणच उचलावा, असा त्यांचा नियम होता. विहीणबाईंचं पातळ घडी घालून त्यांनी मुंबईच्या एका शेठाणीला बसवलं. दहा वाजेपर्यंत आमच्याकडे दोनच खुर्च्या उरल्या, दोन्ही भर उन्हात. मग मी निळ्या टॉवेलाकडे बोट दाखवून म्हणालो, "त्यालाही पाच तास होत आले की."

"मास्तर, उचलायचा नियम आपला आपल्याला," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या टॉवेलाला हात लावायचा नियम कुठंही नाही. टॉवेल म्हणजे माणूस."

अकराच्या सुमारास सुनू खाली आली. खोलीत तिचा जीव घुसमटत होता. व्याह्यांनी तिला आपली खुर्ची दिली, आणि उन्हाचा त्रास नको म्हणून स्वतः छत्री धरून तिच्या मागे उभे राहिले. तासभर हा साठीचा माणूस घामानं निथळत, हात बदलत उभा होता, आणि दहा पावलांवर गार सावलीत एक टॉवेल पाय पसरून पडला होता. शेठाणीनं सुचवून पाहिलं. मॅनेजरनं येऊन तो उचलायला हात पुढे केला. व्याह्यांनी त्याचा हात धरला. तीस वर्षं शाळा करून मी पुष्कळ हट्टी मुलं पाहिली होती, पण असा हट्ट पाहिला नव्हता. मुलगी माझी होती. तिच्या पायांवर सूज दिसत होती.

दुपारी व्याही जेवायला गेले आणि मी तो टॉवेल उचलला. घडी करून झाडामागे ठेवला आणि सुनूला म्हणालो, "बस इथं." तिनं आधी आढेवेढे घेतले. पण बसल्यावर पाच मिनिटांत तिचा डोळा लागला.

परत आल्यावर व्याही तिच्यासमोर थांबले. मग हलक्या आवाजात त्यांनी मला विचारलं, "टॉवेल कोनी काढला?"

'न' ऐकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वाऱ्यानं उडाला असेल."

बदामाचं पानही हलत नव्हतं. सुनू जागी होऊन उठू लागली, तर त्यांनी तिला हातानंच थांबवलं. मग त्यांनी टॉवेल शोधायला सुरुवात केली. कुंपणापाशी पाहिलं, खुर्च्यांखाली वाकून पाहिलं, जावयाला तलावाच्या तळाशी बुडी मारायला लावली. शेवटी मलाच पाहवेना. मी झाडामागे जाऊन तो 'सापडल्याचं' सांगितलं. त्यांनी टॉवेल झटकला आणि हातावर घेऊन झाडाशेजारी उभे राहिले. मी बसायला सांगितलं तर म्हणाले, "तो माणूस आला तर कुणीतरी त्याला सांगायला नको?"

साडेचारला सुनू वर गेली. व्याह्यांनी टॉवेल होता तसा खुर्चीवर पसरला.

आणि साडेपाचला तो माणूस आला. पन्नाशीचा, रापलेला, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. कुणाकडेही न पाहता तो बदामाखाली गेला आणि टॉवेल पाहून थबकला. मग त्याच्यावरच बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरलं.

व्याही पुढे झाले. "आमची सून दोन तास तुमच्या जागी बसली होती. सातवा महिना आहे तिला. तुम्हांला न विचारता बसलो, माफी असावी."

त्या माणसाला आधी काही उमगलंच नाही. मग म्हणाला, "बसू दे की पोरीला." पुढे तो आपण होऊन बोलू लागला. वसईजवळच्या होळी गावात त्याची केळीची वाडी होती. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलींनी हट्टानं दोघांना इथं पाठवलं होतं. "काल ती म्हणाली, मला उद्या दिवसभर या झाडाखाली बसायचंय, काही काम करायचं नाय. म्हणून मी पहाटे येऊन टॉवेल टाकला. वर जातो तर ती दारातच पडलेली."

बाईंना विरारच्या दवाखान्यात नेल्याचं मॅनेजरला ठाऊक होतं, पण टॉवेल त्यांचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. धोका टळला आहे, दोन दिवस ठेवायचं आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. तो तिचे कपडे न्यायला आला होता. "सगल्या खुर्च्या भरलेल्या," तो म्हणाला, "मला वाटलं, हिची गेली असेल."

मी तिथून दोन पावलं मागे सरलो. दिवसभर मी व्याह्यांवर थक्क होत होतो. आता माझा मलाच धक्का बसला होता.

व्याही त्याच्याजवळ फरशीवर बसले. मग त्याच्याबरोबर खोलीत जाऊन त्यांनी कपडे भरले आणि रिक्षा बोलावून त्याच्यासोबत विरारला निघून गेले. परतले ते थेट सकाळी, आम्ही चहा घेत असताना. "बाईंना बरं आहे," म्हणाले, "पेज घेतली त्यांनी." मग बशीत चहा ओतता ओतता माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, काल वारा नव्हता."

"नव्हता," मी म्हणालो.

"पण सुनूला सावली पाहिजे होती, हेही खरंच." आणि त्यांनी बटर माझ्याकडे सरकवलं. त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि मीही कधी काढायला धजलो नाही.

श्रावणात नातू झाला. बारशाला होळीहून केळीचा एक लोंगर आला, तो घेऊन ती दोघं नवराबायको स्वतः आली. बाई लाल लुगड्यातल्या, हसतमुख. व्याह्यांना त्या दादा म्हणू लागल्या आणि मग दर वर्षी येत राहिल्या.

पाच वर्षांनी व्याही गेले. तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. मी दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना नमस्कार करत होतो, आणि आत सुनू भिंतीशी एकटी बसून होती. होळीच्या बाई आल्या. कुणाशी न बोलता सरळ सुनूपाशी जाऊन बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. माणसं जेवून उठली, पानसुपारी झाली, ऊन अंगणातून सरकत गेलं. बाहेर त्यांचा नवरा निघायचं म्हणून एकदा खाकरला, पण बाई काही हात सोडून उठल्या नाहीत.